२०६ हाडांचा हिशेब आणि काकूंचा गुडघा

पत्र थोडक्यात असं: लिहिणारा २६ वर्षांचा, मराठी माध्यमातून शिकलेला, बी.कॉम. झालेला. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दोन वर्षं जिममध्ये फ्लोअर ट्रेनर आहे. पर्सनल ट्रेनिंगचे क्लायंट हवे असतील तर आधी सर्टिफिकेट आण, असं मालक सांगतात. कोर्सचं पुस्तक इंग्रजीत आणि ॲनाटमीच्या, म्हणजे शरीररचनेच्या, प्रकरणांवर गाडी अडलेली. रात्री पाठ केलेली स्नायूंची नावं सकाळी आठवत नाहीत, सराव परीक्षेत दोनदा नापास. जिममधला जुना ट्रेनर म्हणतो, "ॲनाटमी पेपरापुरती रे, क्लायंटला रिझल्ट पाहिजे." मामा म्हणतात, दुकानात ये, टॅलीचं काम बघ. त्यातच गेल्या महिन्यात नव्याने आलेल्या ५४ वर्षांच्या एका काकूंनी विचारलं, "गुडघा दुखतो, बीपीची गोळी चालू आहे. हे बैठकांचं मला चालेल का?" याने "स्क्वॉट नका करू" एवढंच सांगून त्यांना ट्रेडमिलकडे पाठवलं. तेव्हापासून डोक्यात घोळतंय: हे काम आपल्याला जमणारं आहे का? नसेल तर दोन दिवसांचा सोपा कोर्स करून कागद मिळवावा, की टॅलीच बरी?

मित्रा,

सराव परीक्षेत नापास झाल्याचं तुम्ही दोन ओळींत लिहिलंय आणि काकूंबद्दल अर्धं पान. तुम्हाला खरं काय बोचतंय ते त्यावरूनच कळतं. म्हणून उत्तरही काकूंपासूनच देतो. त्यांच्या एका प्रश्नात तुमच्या पुस्तकातली निम्मी प्रकरणं आलीत. त्याआधी एक गृहीत मात्र तपासून घेऊ. ॲनाटमी म्हणजे पाठांतर आणि पाठांतर होत नाही म्हणजे आपण कच्चे, असं तुम्ही धरून चाललाय.

आधी २०६ हाडांचा हिशेब मांडू. बी.कॉम.वाल्याला हिशेबाचं वावडं नसावं. दोन्ही हातांत मनगटापासून बोटांपर्यंत २७-२७, म्हणजे ५४. दोन्ही पावलांत २६-२६, म्हणजे ५२. इथेच १०६ झाली, निम्म्याहून जास्त. कवटी आणि चेहऱ्याची २२, दोन्ही कानांतली इवलीशी ६, जिभेच्या मुळाशी १, अशी २९. टाचेचं हाड सोडलं तर या १३५ हाडांची एकेक नावं ट्रेनरला रोजच्या कामात लागत नाहीत. उरली ७१. त्यांत बरगड्या २४, छातीच्या मधोमधचं हाड १, मोकळे मणके २४, त्यांच्याखाली एकमेकांत जुळून गेलेल्या मणक्यांचं त्रिकास्थी आणि शेवटी माकडहाड. हे झाले ५१. मणके मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५ एवढं लक्षात ठेवा. आता शिल्लक फक्त २०, म्हणजे दहा जोड्या: वर क्लॅव्हिकल (गळ्याचं आडवं हाड), स्कॅप्युला (पाठीवरचा फरा), ह्यूमरस (दंडाचं), रेडियस आणि अल्ना (कोपराखालची दोन), खाली हिप बोन, फीमर (मांडीचं), पॅटेला (गुडघ्याची वाटी), टिबिया आणि फिब्युला (गुडघ्याखालची दोन). तुमचा धंदा या दहा जोड्यांवर आणि कण्यावर चालणार आहे.

स्नायूंचंही तसंच. सहाशेच्या वर आहेत खरे, पण चेहरा, डोळे, घसा, बोटं यांचे वगळले तर जिममध्ये रोज लागणारे चाळीसेक. त्यांची नावं तुम्हाला मंत्रासारखी वाटतात, कारण तुम्ही ती फोडून पाहिली नाहीत. शाळेत समासाचा विग्रह केलाय ना? हीही तशीच नावं आहेत, फक्त लॅटिन-ग्रीकमधली. बायसेप्स ब्रेकाय म्हणजे दंडाचा दोन डोक्यांचा. क्वाड्रिसेप्स म्हणजे चार डोक्यांचा. रेक्टस फिमोरिस, मांडीतला सरळ. लॅटिसिमस डॉर्साय, पाठीवरचा सगळ्यात रुंद. सेरेटस अँटिरिअर, पुढचा करवती. बरगड्यांवर याचे दाते दिसतात, बारीक पैलवानाच्या कुशीला नीट पाहा. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड हे नाव तर पत्त्यासारखंच आहे: छातीच्या हाडापासून आणि गळ्याच्या आडव्या हाडापासून निघून कानामागच्या उंचवट्याला चिकटणारा. मान एका बाजूला वळवा, विरुद्ध बाजूला दोरीसारखा उठतो तो हाच.

आता वही. टॅली येणाऱ्या माणसाला रकाने आखायला शिकवायला नको. एका स्नायूला एक ओळ आणि चार रकाने: कुठून निघतो, कुठे चिकटतो, कोणता सांधा ओलांडतो, आखडला की काय होतं. पहिले दोन रकाने परीक्षेसाठी. तिसरा रकाना पोटापाण्याचा. जो सांधा स्नायू ओलांडत नाही, तो त्याला थेट हलवता येत नाही. आणि स्नायू फक्त ओढतो, ढकलत कधीच नाही. बेंच प्रेसमध्ये तुम्ही बार ढकलता, पण आत छातीचा स्नायू दंडाच्या हाडाला छातीकडे ओढत असतो आणि दंडामागचा ट्रायसेप्स कोपर सरळ ओढत असतो. एवढ्या दोन नियमांवर चौथा रकाना तुम्हाला पुष्कळदा न वाचताच भरता येईल.

सांध्यांचे प्रकार शाळेच्या विज्ञानात मराठीतून झालेत तुमचे: बिजागरीचा, उखळीचा, सरकता. कोपर बिजागरीचा. गुडघाही मुख्यतः बिजागरीचा, वाकलेला असताना थोडा फिरतोही. खुबा आणि खांदा दोन्ही उखळीचे, पण खुब्याची उखळ खोल आहे आणि खांद्याची बशीसारखी उथळ. त्यामुळे खुबा सहजी निखळत नाही आणि खांदा निखळतो. त्याच उथळपणामुळे हात सगळीकडे फिरतो.

आता स्क्वॉट. हा एक व्यायाम नीट उलगडला की बाकीच्यांना किल्ली मिळते. खाली जाताना घोटा वाकतो, गुडघा वाकतो, खुबा वाकतो, कणा आहे तसाच राहतो. गुडघा वाकवणारा स्नायू कोणता? मांडीच्या मागचा, हॅमस्ट्रिंग. मग खाली जाताना हॅमस्ट्रिंग काम करतो का? बहुतेक विद्यार्थी हो म्हणतात आणि इथे मार्क जातात. खाली न्यायला गुरुत्वाकर्षण आहे की. तुम्हाला धपकन पडू न देण्याचं काम मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स आणि कुल्ल्यातला ग्लूटियस मॅक्सिमस करतात, लांबत लांबत. विहिरीत बादली सोडताना दोर हातातून हळूहळू सोडता, तसं. याला पुस्तकात एक्सेंट्रिक म्हणतात. वर येताना तेच स्नायू आखडतात, ते कॉन्सेंट्रिक. मध्ये थांबलात तर लांबी न बदलता ताण, ते आयसोमेट्रिक. म्हणजे जाताना-येताना स्नायू तेच, फक्त काम वेगळं. स्वतःच्या मांडीवर हात ठेवून हळू खाली जा. मांडी पुढून दगडासारखी होईल, मागून तितकी नाही.

हॅमस्ट्रिंगबद्दल आणखी एक, कारण इथे जुनेजाणतेही फसतात. त्याचा एक छोटा भाग सोडला तर तो खुबाही ओलांडतो आणि गुडघाही. स्क्वॉटमध्ये खुबा वाकला की तो वरून ताणला जातो आणि गुडघा वाकला की खालून सैल पडतो. लांबी जवळजवळ तीच राहते. म्हणून स्क्वॉटने मांडीचा मागचा भाग फारसा बनत नाही. त्याला रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे जवळपास सरळ ठेवून, वजन घेऊन खुब्यातून वाकणं) आणि लेग कर्ल (वजनाविरुद्ध गुडघा वाकवणं) लागतं. कर्लही बसून केलं तर स्नायू खुब्याकडून आधीच ताणलेला असल्यामुळे जास्त लांबीत काम करतो. पोटरीतही हाच खेळ आहे. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघा ओलांडतो, खालचा सोलियस ओलांडत नाही. गुडघा वाकवून बसलात की गॅस्ट्रोक्नेमियस ढिला पडतो आणि टाच उचलायचं काम सोलियसवर जातं. बसून आणि उभ्याने टाचा उचलणं हे दोन वेगळे व्यायाम का, ते आता क्लायंटला एका वाक्यात सांगता येईल. बायसेप्स तर घरी तपासा. कोपर काटकोनात ठेवून तळवा वर-खाली फिरवा, दुसरा हात दंडावर असू द्या. तळवा वर येताना गोळा उठतो, खाली जाताना बसतो. तळवा वर फिरवणं हेही त्याचं काम आहे, म्हणूनच तळवे समोरासमोर ठेवून केलेल्या हॅमर कर्लमध्ये बायसेप्सचा वाटा कमी होतो आणि त्याच्याखालचा ब्रेकिॲलिस पुढे येतो.

स्क्वॉटमध्ये बिघडतं कुठे, तेही सांध्यावरून वाचता येतं. टाचा उचलल्या जातात? आधी घोटा पाहा. अनवाणी पायाचा अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंटिमीटरवर ठेवायचा, टाच जमिनीला, आणि गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकत नसेल तर घोटा आखडलाय. तोवर टाचेखाली पातळ प्लेट सरकवा. ज्यांना उकिडवं बसायची सवय आहे त्यांना ही अडचण सहसा येत नाही, खुर्ची-कमोडवाल्यांना येते. गुडघे आत वळतात? आधी वजन कमी करा, मग कुल्ल्याच्या बाजूच्या ग्लूटियस मीडियसकडे बघा. तळाशी कंबर गोल होते? तिथपर्यंत जाऊच नका, त्या माणसाच्या खुब्याची हद्द तिथे संपली. राहता राहिलं ते "गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये" हे जिममधलं ब्रह्मवाक्य. गुडघा मागे अडवून धरला की माणूस कमरेतून जास्त वाकतो आणि भार खुब्यावर आणि कमरेवर जातो. तालमीतली बैठक टाचा उचलून मारतात, गुडघा बोटांच्या कितीतरी पुढे जातो, आणि पैलवान त्या शेकड्याने मारतात. मात्र त्यांचे गुडघे लहानपणापासून थोडे-थोडे वाढवत तयार झालेले असतात. काकूंचे पहिल्या आठवड्यात तसे होणार नाहीत.

खांद्याबद्दल थोडं विस्ताराने, कारण जिममध्ये तक्रारी तिथल्याच फार येतात. पाठीवरचा फरा धडाच्या सांगाड्याला हाडाने जोडलेला आहे तो फक्त गळ्याच्या आडव्या हाडामार्फत. बाकी सगळा स्नायूंच्या झोळीत. मित्राला पाठमोरा उभा करा, त्याच्या फऱ्याच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवा आणि हात बाजूने वर न्यायला सांगा. फरा बाहेर आणि वर फिरताना अंगठ्याखाली जाणवेल. हात पूर्ण १८० अंश वर जातो त्यातले ढोबळमानाने १२० खांद्याच्या सांध्यातून आणि ६० फऱ्याच्या फिरण्यातून येतात. फरा फिरला नाही तर हात वर नेताना खांद्याच्या सांध्यावरच सगळा बोजा येतो. आणि उथळ बशीत चेंडू मधोमध धरून ठेवायचं काम करतात रोटेटर कफचे चार: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर, सबस्कॅप्युलॅरिस. आकाराने लहान, आरशात न दिसणारे, म्हणून चेस्ट-डेच्या भाऊगर्दीत त्यांना कुणी विचारत नाही. बेंचवर फरे मागे-खाली आवळून ठेवा, कोपरं धडापासून ९० अंशांऐवजी ४५ ते ६० अंशांवर असू द्या. लॅट पुलडाउनचा बार मानेमागे ओढण्यात पाठीला जास्तीचं काही मिळत नाही आणि ताठर खांद्यांच्या माणसाची मान पुढे वाकते, खांदा टोकाला जातो. पुढे छातीकडे ओढा, विषय संपला.

पोटाचे व्यायाम करून पोटाची चरबी जात नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. स्नायू आपल्यावरची चरबी जाळत नाही. ती शरीरभरातून, ज्याच्या त्याच्या ठेवणीप्रमाणे उतरते.

फिजिऑलॉजीला, म्हणजे शरीर चालतं कसं या विषयाला, तुम्ही घाबरलेले दिसत नाही, पण पत्रात तिचा उल्लेखही नाही. काकूंच्या बीपीच्या गोळीसाठी तीच लागणार आहे. इंधनाचं एवढं कळलं तरी पुष्कळ: पहिल्या दहाएक सेकंदांच्या जोरदार कामाला स्नायूतच साठवलेलं तयार इंधन, म्हणजे एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिन. त्यापुढे एक-दोन मिनिटांपर्यंत ऑक्सिजनशिवाय साखर फोडून मिळणारी ऊर्जा. त्याहून लांब चाललं की मुख्य भार ऑक्सिजनवर. तिन्ही भट्ट्या एकाच वेळी पेटलेल्या असतात, फक्त आंच कमी-जास्त. यातून सेटमधली विश्रांती ठरते. फॉस्फोक्रिएटिन अर्ध्या मिनिटात साधारण निम्मं भरून येतं, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. म्हणून जड पाच रेप्सच्या (आवृत्त्यांच्या) सेटनंतर ४० सेकंदांत "चल, पुढचा" म्हणणारा ट्रेनर ताकद वाढवत नाही, नुसता दम काढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकतं त्याचा दोष लॅक्टिक ॲसिडवर टाकू नका. वाढलेलं लॅक्टेट तासाभरात उतरलेलं असतं. हे ठणकणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं आणि मुख्यतः त्या लांबत-लांबत केलेल्या, सवय नसलेल्या कामातून येतं.

इथे तुमच्या जुन्या ट्रेनरचं "रिझल्ट पाहिजे" तपासू. त्याला ॲनाटमी येत नाही असं नाही. वीस वर्षं शरीरं बघून हाताला बरंच कळलेलं असतं, फक्त त्याला नावं नसतात. पण हाताला तेवढंच कळतं जेवढं समोर आलेलं असतं. नव्या पोराला पहिल्याच दिवशी पायांचे पंधरा सेट मारायला लावले आणि दोन दिवसांनी मांड्या सुजल्या, हात लावू देईना, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर ते नेहमीचं अंग दुखणं नाही. स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरलीत आणि मूत्रपिंडं धोक्यात आहेत. त्याच दिवशी दवाखाना. हे ज्याने वाचलेलं असतं त्याला वेळेत ओळखता येतं, ज्याने वाचलेलं नसतं तो सांगतो, "दुखणारच, उद्या परत ये."

आता हृदय. बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला ७० ठोके, ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं. व्यायामात ठोकेही वाढतात आणि ठोक्यामागचं रक्तही. कमाल ठोक्यांसाठी २२० वजा वय हे सूत्र भिंतीवर लावलेलं असतं. काकूंसाठी १६६ येतात. दुसरं सूत्र, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, त्यातून १७० येतात. दोन्ही सरासरीची सूत्रं आहेत. एका माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोके इकडे-तिकडे सहज होतात. आणि बीपीची गोळी बीटा-ब्लॉकर प्रकारची असेल तर ठोके मुळातच दाबलेले असतात. अशा माणसाला घड्याळावरच्या आकड्यापर्यंत पळवणं सरळ धोक्याचं. त्यांना बोलायला लावा. वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ही मध्यम गती. दोन शब्दांतच धाप लागली तर कमी करा.

बीपीवाल्यांची दुसरी गोष्ट श्वासाची. श्वास कोंडून कुंथलं की छाती-पोटातला दाब चढतो आणि त्याबरोबर बीपी तेवढ्यापुरतं झपकन उसळतं. भारोत्तोलनवाले मुद्दाम कोंडतात, कणा घट्ट राहावा म्हणून. काकूंना मात्र जोर लावताना श्वास सोडायला शिकवा, आणि रेप्स मोजायचे ते त्यांनी स्वतः मोठ्याने मोजायचे. मोजणारा श्वास कोंडू शकत नाही. जिममध्ये बीपीचं मशीन ठेवा. व्यायामाआधी १८०/११० किंवा त्यावर दिसलं तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांशी बोलणं. आणि ट्रेडमिल एकदम बंद करून उभं राहू देऊ नका. चालताना पोटऱ्या रक्त पिळून वर पाठवत असतात. ते थांबलं की रक्त पायात साचतं, चक्कर येते. शेवटची पाच-दहा मिनिटं हळू चालणं याचसाठी असतं.

मग काकूंना काय सांगायला हवं होतं? "स्क्वॉट नका करू" हे उत्तर सुरक्षित वाटतं, पण ते पाळता येत नाही. काकू दिवसातून कितीदा तरी खुर्चीवरून उठतात, तो स्क्वॉटच आहे. गुडघ्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणातून तिला पोषण मिळतं आणि ते आत-बाहेर व्हायला हालचाल लागते. झिजलेल्या गुडघ्याच्या उपचारातही व्यायाम अगदी पहिल्या पायरीवर असतो. तेव्हा आधी विचारायचं: सूज आहे का, गुडघा अडकून बसतो का, उभं असताना दगा देतो का, पडला-बिडलात का, रात्री दुखून जाग येते का, पोटरी लाल-गरम-सुजलेली आहे का. यातलं एकही "हो" आलं तर व्यायाम थांबवून डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट. छातीत दुखत असेल, भोवळ येत असेल तर वाटच बघायची नाही, लगेच डॉक्टर. यासाठी पार-क्यू नावाची सात प्रश्नांची चाचणी जगभर वापरतात. तिचे प्रश्न मराठीत लिहून नोंदणीच्या वहीला जोडून ठेवा.

सगळी उत्तरं "नाही" आली आणि बीपी बघणाऱ्या डॉक्टरांची हरकत नसेल, तर साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची खुर्ची, हवी तर वर उशी. हळू बसायचं, तीन सेकंदांत. श्वास सोडत उठायचं. आठ-आठचे दोन सेट, आठवड्यातून दोन-तीन दिवस. दुखणं दहापैकी तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या सकाळी गुडघा नेहमीसारखा असला तर पुढच्या आठवड्यात उशी काढा. जास्त दुखलं तर उशी परत. गुडघ्याला काय झालंय, हे सांगणं मात्र तुमचं काम नाही. "झीज आहे", "लिगामेंट गेलंय" असं ट्रेनरने म्हणू नये; ॲनाटमी शिकल्यावर हा मोह जास्त होतो, हेही आताच सांगून ठेवतो.

राहिला कोर्सचा प्रश्न. दोन दिवसांच्या कोर्सचा कागद भिंतीवर लागेल, पण काकू पुन्हा विचारतील तेव्हा तुम्ही पुन्हा ट्रेडमिलकडेच बोट दाखवाल. कोर्स निवडताना तीन गोष्टी विचारा: परीक्षा देखरेखीखाली होते का, माणसावर प्रात्यक्षिक किती तास आहे, आणि सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचं, प्रशिक्षण लागतं का. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजसारख्या संस्था सीपीआरचं चालू प्रमाणपत्र मागतात, आणि ते बरोबर आहे. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, ३० दाबांमागे दोन श्वास, आणि दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर करूनच येतं.

अभ्यासाचं वेळापत्रक असं करून पाहा, बारा आठवडे धरून. दिवसाला एक व्यायाम घ्या, एक प्रकरण नव्हे. सकाळच्या बॅचमध्ये जो शिकवला तोच दुपारी वहीत: कोणते सांधे, कुठल्या दिशेने, जाताना कोण लांबतं, येताना कोण आखडतं. स्नायू स्वतःच्या अंगावर बोटाने शोधायचा, पेनाने आखला तरी चालेल. मग कुणाला तरी मराठीतून समजावून सांगायचं आणि नंतरच इंग्रजी पान उघडायचं. आशय आधी मराठीत बसला की इंग्रजी म्हणजे फक्त नावं उरतात. रविवारी आठवड्यातले सगळे स्नायू कोऱ्या कागदावर काढा, पुस्तक न बघता. चित्र वाईट आलं तरी हरकत नाही, चिकटण्याची जागा बरोबर हवी. सहाव्या आठवड्याला पुन्हा सराव परीक्षा द्या आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे लिहा: नाव चुकलं की समज चुकली? नावं चुकत असतील तर वही पुरे. समज चुकत असेल तर तो व्यायाम परत जमिनीवर करून बघायचा.

आणि टॅली. मामांना लगेच नाही म्हणू नका. जिमची गर्दी सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. मधली दुपार मोकळी असते. तीन-चार महिने दुपारी दुकानात दोन तास बसलात तर कोर्सची फी निघेल आणि सराव परीक्षेत तिसऱ्यांदा काय होतं यावर घरखर्च अवलंबून राहणार नाही. बाराव्या आठवड्यानंतरही हा विषय नकोसा वाटला तर टॅलीकडे जा, त्यात कमीपणा काही नाही. मात्र पाठांतर होत नाही या कारणाने जाऊ नका.

काकू अजून जिमला येत असतील तर उद्याच त्यांना गाठा आणि एवढं विचारून पाहा: जिना चढताना जास्त दुखतं की उतरताना? उतरताना म्हणाल्या, तर वरच्या पायरीवर राहिलेल्या पायाचा क्वाड्रिसेप्स लांबत-लांबत सगळं वजन खाली सोडत असतो. खुर्चीवर बसायला तीन सेकंद का घ्यायचे, ते त्यांना तिथेच दाखवून सांगता येईल.